‘व्यापारी गुपित आहे, माहिती देता येत नाही’ : हे उत्तर आल्यावर पुढे काय करायचं?

‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यापारी गुपिताशी संबंधित असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 8(1)(घ) अन्वये देता येत नाही.’ सांगली-साताऱ्यात चिकाटीने माहिती मागणाऱ्याच्या हातात हे वाक्य कधी ना कधी पडतंच. साखर कारखान्याचा उतारा (उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी) विचारा, एमआयडीसीतल्या कंपनीच्या सांडपाण्याचे आकडे विचारा, नगरपालिकेच्या कचरा ठेक्याचा करार मागा, उत्तर याच साच्यातलं येतं. पुष्कळ अर्जदार इथंच कागद गुंडाळून ठेवतात. माझ्या मते या वाक्यानंतरच खरं काम सुरू होतं, कारण कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बहुतेक वेळा अर्धवट असतं.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करूया. कंपन्यांची काही गुपितं खरी असतात आणि ती जपली गेली पाहिजेत. सांगलीतल्या एखाद्या मसाला उद्योगाचं मिश्रणाचं प्रमाण, मिरजेत वाद्यं घडवणाऱ्या कारागिराची पिढीजात पद्धत, कुपवाडच्या फाउंड्रीचे ग्राहक आणि त्यांना दिलेले दर ही माहिती शेजारच्या स्पर्धकाला फुकट मिळाली तर धंदा बुडेल. ती मागण्यात लोकहितही नाही. म्हणून अर्ज असा लिहावा की गुपित तिथंच राहील आणि आपल्याला हवं ते हातात येईल. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका विचारावर उभ्या आहेत.

कलम नीट वाचा

8(1)(घ) मध्ये ‘वाणिज्यिक गोपनीयता, व्यापारी गुपितं किंवा बौद्धिक संपदा’ हे शब्द आहेत, पण वाक्य तिथं संपत नाही. ती माहिती उघड केल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानाला बाधा पोचली पाहिजे, अशी अट पुढे आहे. त्याच्याही पुढे, व्यापक लोकहितासाठी उघड करणं आवश्यक असल्याची सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाली तर ती द्यायची, असा अपवाद आहे. म्हणजे अधिकाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: हे गुपित आहे का, उघड झाल्याने स्पर्धेत कुणाचं काय नुकसान होईल, आणि त्या नुकसानापेक्षा लोकहित मोठं आहे का. नकाराच्या पत्रात यातला फक्त पहिला प्रश्न असतो, आणि त्याचंही उत्तर कारणाशिवाय ‘होय’ एवढंच.

गुपित कशाला म्हणायचं? भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. मार्च 2024 मध्ये विधी आयोगाने आपल्या 289व्या अहवालात तसा कायदा सुचवला, त्यात लोकहिताचे अपवादही सुचवले. आज मात्र करार आणि न्यायालयांचे निर्णय यांवरच काम चालतं. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराच्या कलम 39 मधल्या तीन कसोट्या मात्र हाताशी ठेवण्याजोग्या आहेत: माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सहज ठाऊक नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी किंमत असावी, आणि मालकाने ती गुप्त ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेतलेली असावी. जो आकडा कारखाना वार्षिक अहवालात छापून हजारो सभासदांना वाटतो, तो तिसऱ्या कसोटीलाच गळून पडतो. अपिलात हे हमखास मांडा.

पायरी पहिली : माहिती कुणाच्या कपाटात आहे ते शोधा

कंपनीकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही. पण कंपनीबद्दलची माहिती सरकारी कचेऱ्यांत भरपूर असते, आणि कलम 2(च) प्रमाणे एखादी सरकारी कचेरी दुसऱ्या कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकते, तीही ‘माहिती’च ठरते. हे वाक्य आपल्या भागासाठी सोन्यासारखं आहे, कारण आपल्याकडचं अर्धं अर्थकारण सहकारी संस्थांत आहे.

सहकारी संस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2013 रोजी थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. सरकारचं मोठं अर्थसाहाय्य किंवा भरीव नियंत्रण नसेल, तर सहकारी संस्था स्वतः माहिती अधिकाराखाली येत नाही. मात्र निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते, ती निबंधकाकडे मागता येते, अर्थात कलम 8 च्या मर्यादेत. म्हणून पतसंस्थेबद्दलचा अर्ज तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे करा, साखर कारखान्याबद्दलचा साखर आयुक्तालयाकडे.

तुम्ही स्वतः सभासद असाल तर याहून जवळची वाट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 खाली सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभा आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं, तसंच स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. फी भरली की महिन्याच्या आत प्रती द्याव्या लागतात. तुमच्या उसाच्या वजनाच्या पावत्या, तोडणी-वाहतुकीची कपात, जमा झालेलं बिल हा तुमचाच व्यवहार आहे. त्याला ‘कारखान्याचं गुपित’ म्हणणं टिकत नाही.

प्रदूषणाची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली किंवा सातारा उपप्रादेशिक कार्यालयात मिळते. महामार्ग आणि टोलचा करार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो. प्राधिकरण केंद्राचं आहे, त्यामुळे तिथं केंद्राचे नियम लागतात आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

पायरी दुसरी : हवं ते आणि नको ते वेगळं करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मी आजवर वाचलेल्या अर्जांमध्ये ‘संपूर्ण फाइलची प्रत द्यावी’ हे वाक्य सगळ्यात घातक वाटलं आहे. संपूर्ण फाइलमध्ये एखादा खरोखरच गोपनीय कागद निघतो आणि त्याच्या आडोशाला बाकीचे चारशे कागद लपवले जातात.

साखर उताऱ्याचं उदाहरण घेऊ. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी (उसाचा किमान रास्त दर) ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढवून दिले. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे उताऱ्याच्या एका दशांशामागे 3,460 रुपये. इथेनॉलसाठी रस किंवा बी-हेवी मोलॅसिस (साखर शिल्लक असलेली मळी) वळवलं की साखर कमी निघते, म्हणून ती घट धरूनच उतारा काढावा लागतो. ही घट किती धरली यावर शेतकऱ्याचा पैसा ठरतो. तेव्हा एकूण गाळप, एकूण साखर उत्पादन, वळवलेल्या रसाचं किंवा मोलॅसिसचं प्रमाण, धरलेली घट आणि अंतिम उतारा एवढंच मागा. हे आकडे कारखाने साखर आयुक्तालयाला कळवतात, हंगामाअखेरचा आरटी 8 (सी) नमुन्यातला अहवाल त्याचसाठी असतो. डिस्टिलरीत कोणतं यीस्ट वापरतात, इथेनॉलचे खरेदीदार कोण, यंत्रांचा आराखडा काय, हे मागू नका. उताऱ्यावर कायद्याने दर ठरतो, म्हणून उतारा हा दोन पक्षांमधल्या हिशेबाचा आकडा झाला. एका पक्षाला तो दुसऱ्यापासून लपवता येणार नाही.

सांडपाण्याचंही तसंच. कारखान्याच्या आत काय चालतं ते त्याचं, पण पाइपातून बाहेर पडून ओढ्यात आणि तिथून कृष्णेत जातं ते सगळ्यांचं. साखर उद्योगाचं सांडपाणी नदी-ओढ्यात सोडताना बीओडीची (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची) मर्यादा लिटरमागे 30 मिलिग्रॅम आहे, जमिनीवर सोडताना 100. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या अतिप्रदूषक उद्योगांच्या यादीत आहेत, त्यांच्या ऑनलाइन मापन यंत्रणेच्या नोंदी प्रदूषण मंडळांकडे जातात. त्यापलीकडे, जल प्रदूषण कायदा 1974 च्या कलम 25(6) प्रमाणे मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि संबंधित किंवा बाधित व्यक्तीला ती पाहता येते. नदीकाठच्या हरिपूर, अंकली किंवा कराडच्या शेतकऱ्याने हे कलम पाठ करून ठेवावं. संसदेने जी नोंदवही पाहायला खुली ठेवली, तिच्यातली अट गुपित कशी ठरेल?

निविदांमध्ये वेळेला महत्त्व आहे. निविदा उघडण्याआधी दुसऱ्याचा दर मागणं चूक, आणि तो नाकारणं बरोबर. ठेका दिल्यानंतर मात्र चित्र बदलतं. निविदा प्रक्रिया पूर्ण झाल्यावर निविदेतली कागदपत्रं व्यापारी गुपित म्हणून अडवता येत नाहीत, असं झारखंड उच्च न्यायालयाने 2007 मध्ये नवीनकुमार सिन्हा प्रकरणात सांगितलं. 2011 मध्ये सनदी लेखापाल संस्थेविरुद्धच्या शौनक सत्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही वेळेचाच मुद्दा धरला: परीक्षेआधी प्रश्नपत्रिका गोपनीय, परीक्षा झाल्यावर ते कारण उरत नाही. म्हणून अर्जात तारखा लिहा.

वीस वर्षं जुनी गोष्ट असेल तर काम आणखी सोपं. कलम 8(3) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती फक्त (क), (ग) आणि (झ) या तीन खंडांखालीच नाकारता येते. व्यापारी गुपिताचा (घ) त्यात नाही.

पायरी तिसरी : दीडशे शब्दांत अर्ज

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. फी 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. प्रतींना पानामागे 2 रुपये. सांडपाण्याच्या अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

‘अमुक कारखान्याबाबत 1 ऑक्टोबर ते 31 मार्च या काळातील पुढील माहिती द्यावी. सांडपाण्याच्या संमतिपत्राची अटींसह प्रत. मंडळाने घेतलेल्या नमुन्यांचे तपासणी अहवाल. ऑनलाइन मापन यंत्रणेतील पीएच, बीओडी, सीओडी व प्रवाहाच्या नोंदी, संगणकात ज्या तक्त्याच्या स्वरूपात आहेत त्याच स्वरूपात. या काळात बजावलेल्या नोटिसा व त्यांची उत्तरे. मला उत्पादन प्रक्रिया, रसायनांचे प्रमाण, ग्राहक अथवा खरेदीदर यांची माहिती नको आहे. कागदपत्रांत ती असल्यास कलम 10 प्रमाणे तेवढा भाग वगळून उर्वरित माहिती द्यावी. त्रयस्थ पक्षाची हरकत आल्यास तिची प्रत व त्यावरील सकारण निर्णय द्यावा.’

‘नको आहे’ हे वाक्य अनेकांना विचित्र वाटतं. पण व्यापारी गुपिताच्या वादात अर्जदाराच्या हातातलं ते सगळ्यात बळकट वाक्य आहे. ते लिहिल्यावर अधिकाऱ्याला मोघम नकार देता येत नाही, कारण गुपिताचा भाग तुम्ही आधीच सोडून दिलेला असतो. आणि ‘तक्त्याच्या स्वरूपात’ नक्की लिहा. तासातासाच्या नोंदींच्या छापील गठ्ठ्यातून काही शोधून काढणं फार जिकिरीचं असतं.

गठ्ठा मोठा असेल तर आधी अवलोकन मागा. पहिला तास विनामूल्य, नंतर दर पंधरा मिनिटांना 5 रुपये. पाहून हव्या तेवढ्याच पानांवर खुणा करायच्या.

पायरी चौथी : कंपनीला विचारलं म्हणून कंपनी मालक होत नाही

माहिती कंपनीने गोपनीय म्हणून दिलेली असेल आणि ती उघड करण्याचा विचार असेल, तर कलम 11 प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून 5 दिवसांत कंपनीला नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांत कंपनीने म्हणणं मांडायचं. अर्जाच्या तारखेपासून 40 दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. एरवीचे 30 दिवस इथं 40 होतात, त्यामुळे एकतिसाव्या दिवशी घाईने अपील करू नका.

कचेऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. ‘कंपनीने नकार दिला आहे, सबब माहिती देता येत नाही’ असं सर्रास लिहिलं जातं. कंपनीचं म्हणणं फक्त विचारात घ्यायचं असतं, निर्णय अधिकाऱ्याचा. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की उघड करण्यातलं लोकहित त्रयस्थाच्या संभाव्य हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. अपवाद फक्त कायद्याने संरक्षित असलेल्या व्यापारी गुपितांचा. म्हणून कंपनीने हा अपवाद पुढे केला, तर कोणत्या कायद्याने संरक्षण दिलं आहे ते लेखी विचारा.

अधिकाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. माहिती दिली तर कंपनी अपील करते, नाही दिली तर तुम्ही करता. तुमच्या अर्जातच वगळण्याचा भाग स्पष्ट असेल, तर भल्या अधिकाऱ्याला माहिती देण्यासाठी आधार मिळतो.

पायरी पाचवी : पहिलं अपील

नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत, त्याच कचेरीतल्या वरिष्ठाकडे, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलात राग नको, मुद्दे हवेत. कलम 7(8) प्रमाणे नकाराची कारणं द्यावी लागतात, ती दिलेली नाहीत. कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे. स्पर्धात्मक स्थानाला कोणत्या माहितीने, कोणत्या स्पर्धकासमोर, कशी बाधा पोचेल हे सांगितलेलं नाही. कलम 10 प्रमाणे भाग वेगळा केलेला नाही. यापैकी जे लागू असेल तेवढंच लिहा.

लोकहिताचा मुद्दा नुसता शब्द म्हणून टाकू नका. ‘या ओढ्याच्या पाण्यावर अमुक गावची नळयोजना आहे’ किंवा ‘या आकड्यावर इतक्या उत्पादकांचं बिल ठरतं’ असं गावापुरतं, मोजता येईल असं लिहा. देशातलं मोठं उदाहरण जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याचं. 2006 मध्ये त्याच्या विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांची माहिती जैवतंत्रज्ञान विभागाकडे मागितली गेली आणि याच 8(1)(घ) खाली अडली. केंद्रीय माहिती आयोगाने 2007 मध्ये ती द्यायला सांगितलं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या वेगळ्या जनहित याचिकेनंतर ती जाहीर झाली, बाहेरच्या शास्त्रज्ञांना तपासता आली, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्राने बीटी वांग्याला स्थगिती दिली. वाण कसा तयार केला हे कंपनीचं गुपित असू शकतं. तो खाल्ल्याने काय होतं हे गुपित असू शकत नाही.

‘आमचं कंपनीशी विश्वासाचं नातं आहे’ असा 8(1)(ङ) चा आडोसा घेतला, तर रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री हा 16 डिसेंबर 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडा. नियामकाचं कर्तव्य जनतेशी आहे, तो ज्यांच्यावर देखरेख ठेवतो त्या बँकांशी त्याचं विश्वासाश्रित नातं नाही, असं त्यात ठामपणे म्हटलं आहे.

अलीकडे आणखी एक आडोसा मिळाला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मुळे माहिती अधिकाराचं 8(1)(ञ) बदललं, आणि नोव्हेंबर 2025 पासून वैयक्तिक माहितीची सूट फार रुंद झाली. कंपनीची माहिती ही व्यक्तीची माहिती नव्हे, हे पहिलं उत्तर. संचालकाचं नाव वगैरे असेल तर कलम 8(2) मधला लोकहिताचा अपवाद अजून शाबूत आहे, तो मांडा. मला हा बदल मनापासून खटकतो.

पायरी सहावी : पुण्याचं खंडपीठ

पहिल्या अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, जास्तीत जास्त 45 दिवसांत यायला हवा. नाही आला किंवा विरुद्ध आला, तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील करा. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे तिथंच जातात. तारीख लागायला बराच काळ लागतो, म्हणून अपील आटोपशीर ठेवा. आयुक्तांना दोन मिनिटांत कळेल असा एक तक्ता जोडा: काय मागितलं, काय मिळालं, उरलेल्याला कोणतं कारण दिलं. कंपनीलाही तिथं बाजू मांडण्याची संधी मिळते, तेव्हा तिच्या वकिलाला एकच विचारायचं: या आकड्यामुळे तुमचा कोणता स्पर्धक काय करू शकेल? कागद आयोगाने स्वतः पाहून कोणता भाग झाकायचा ते ठरवावं, अशी विनंतीही करा. आयोगाच्या निर्णयाविरुद्ध रिट याचिका करायची झाली, तर ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. मुंबईच्या खेपा वाचल्या.

तुमचाच डेटा कंपनीकडे असेल तर

इथं माहिती अधिकार कामाचा नाही, पण विचार तोच: कंपनीचं सूत्र कंपनीचं, त्यात घातलेली तुमची माहिती तुमची. कर्ज नाकारलं गेलं तर क्रेडिट स्कोअर काढण्याचं गणित कुणी देणार नाही. मात्र सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निपटारा झाला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. युरोपीय न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2025 रोजी ऑस्ट्रियातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात याच वादावर निकाल दिला. तिला मोबाइलचा करार स्कोअरमुळे नाकारला होता. सूत्र द्यायची गरज नाही, पण कोणती माहिती कशी वापरली ते समजेल अशा भाषेत सांगावं लागेल, आणि गुपिताचा दावा असेल तर ते गुपित नियामकासमोर किंवा न्यायालयासमोर ठेवावं लागेल, तोल ते ठरवतील. आपल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्येही स्वतःच्या डेटाचा गोषवारा मागण्याचा हक्क आहे. तो हक्क कायद्याचे नियम आल्यापासून 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहे.

तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षबागांत हवामान केंद्रं आणि जमिनीतल्या ओलाव्याचे सेन्सर बसू लागले आहेत. युरोपात 12 सप्टेंबर 2025 पासून अशा उपकरणांचा डेटा वापरणाऱ्याला द्यावाच लागतो. कंपनीला व्यापारी गुपित म्हणून सरसकट नकार देता येत नाही. गंभीर आर्थिक नुकसान होईल हे अपवादात्मक परिस्थितीत दाखवावं लागतं. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे सगळी भिस्त खरेदीच्या वेळच्या करारावर. पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा: माझ्या बागेच्या तापमान, आर्द्रता आणि पानांच्या ओलेपणाच्या नोंदी मला एक्सेलमध्ये मिळतील का? वर्गणी थांबवली तर जुन्या नोंदी किती महिने राहतील? त्या दुसऱ्या कुणाला विकल्या जातील का? डाऊनी रोगाचा अंदाज काढण्याचं त्यांचं गणित मागू नका, ते त्यांच्या कष्टाचं आहे. नोंदींबद्दलचं उत्तर मात्र बिलावर किंवा ईमेलवर लेखी घ्या, आणि दर छाटणीनंतर हंगामाच्या नोंदी स्वतःकडे उतरवून ठेवा.